हरित मानांकनाची परीक्षा आणि वसई-विरारची साइट

हरित बांधकामाच्या क्षेत्रात दोन प्रकारची प्रमाणपत्रे दिली जातात. एक इमारतीला मिळते, दुसरे माणसाला. इमारतीच्या प्रमाणपत्राला मानांकन म्हणतात. जागेची निवड, पाणी, वीज, बांधकामसाहित्य, आतली हवा अशा सदरांखाली गुण मोजून ते ठरते. माणसाचे प्रमाणपत्र परीक्षा देऊन मिळवावे लागते, आणि त्या व्यक्तीला मानांकनाची पद्धत कळते एवढेच ते सांगते. पहिले बिल्डरच्या फलकावर झळकते, दुसरे व्हिजिटिंग कार्डावर. गिऱ्हाईक दोन्हींची सर्रास गल्लत करते. चार प्रमाणित अभियंते नोकरीला असलेल्या कार्यालयाने आजवर एकही मानांकित इमारत उभी केलेली नसणे सहज शक्य आहे.

भारतात मानांकनाच्या चार पद्धती प्रामुख्याने चालतात. ‘लीड’ ही अमेरिकेतील यूएस ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची पद्धत. ही संस्था १९९३ साली स्थापन झाली. भारतीय उद्योग महासंघाने २००१ मध्ये इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, म्हणजे आयजीबीसी, सुरू केली. तिचे मुख्यालय हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरमध्ये आहे. याच इमारतीला २००३ मध्ये लीडचे प्लॅटिनम मानांकन मिळाले आणि भारतात या विषयाची चर्चा खऱ्या अर्थाने सुरू झाली. तिसरी पद्धत ‘गृह’. ती टेरी या संस्थेने केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाबरोबर आखली, आणि २००७ मध्ये तिला राष्ट्रीय पद्धतीचा दर्जा मिळाला. लीड आणि आयजीबीसी सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या लावतात, तर ‘गृह’ एक ते पाच तारे देते. चौथी ‘एज’ ही जागतिक बँक समूहातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाची. तिचा हिशेब सुटसुटीत आहे: नेहमीच्या इमारतीच्या तुलनेत वीज, पाणी आणि साहित्यात सामावलेली ऊर्जा, तिन्हींत किमान २० टक्के बचत दाखवा.

या सगळ्यांनी माणसांसाठीही परीक्षा ठेवल्या आहेत. लीडच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली ग्रीन असोसिएट: दोन तास, शंभर बहुपर्यायी प्रश्न. त्यांतले पंधरा केवळ चाचणीसाठी घातलेले असतात, पण ते कोणते हे परीक्षार्थीला कळत नाही. गुण १२५ ते २०० या पट्टीवर मिळतात आणि १७० ला उत्तीर्ण. त्यापुढची पायरी अ‍ॅक्रेडिटेड प्रोफेशनल, म्हणजे ‘एपी’. ती नवे बांधकाम, अंतर्गत सजावट, चालू इमारतीची देखभाल अशा एखाद्या शाखेत द्यायची असते. आयजीबीसीची स्वतःची एपी परीक्षा आहे. या चार पद्धतींबाहेर, ऊर्जा दक्षता ब्युरो २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक यांची परीक्षा घेते. ती या सगळ्यांत कठीण, कारण तिथे पाठांतराने भागत नाही. बॉयलर, पंप, मोटर यांची खरी गणिते सोडवावी लागतात.

माणसाचे प्रमाणपत्र आणि इमारतीचे मानांकन यांना थेट जोडणारा दुवा अगदी बारीक आहे. लीडच्या चौथ्या आवृत्तीत एकूण ११० गुण असतात. ४० ला साधे प्रमाणपत्र, ५० ला सिल्व्हर, ६० ला गोल्ड, ८० ला प्लॅटिनम. प्रकल्पावर योग्य शाखेचा एपी काम करत असेल तर त्यांतला एक गुण मिळतो. फक्त एक. असे दहा एपी असले तरी गुण एकच, आणि ग्रीन असोसिएट कितीही असले तरी शून्य. निव्वळ गुणांचा हिशेब केला तर एकाला परीक्षेला बसवून मालकाने मोकळे व्हावे हेच शहाणपणाचे दिसते. तरीही अनेक कार्यालये चार-सहा जणांना एकत्र अभ्यासाला बसवतात. उरलेल्या १०९ गुणांची कागदपत्रे कुणाकुणाच्या टेबलावरून जातात, हे पाहिले की त्याचे कारण कळते.

वसई-विरार पट्ट्यातले वास्तुविशारदाचे किंवा बिल्डरचे कार्यालय सहसा लहान असते. स्वतः आर्किटेक्ट, दोन-तीन ड्राफ्ट्समन, महापालिकेत फायली फिरवणारा लायझनिंगचा माणूस, साइट इंजिनिअर, सुपरवायझर, स्टोअरकीपर आणि हिशेबनीस. आरसीसी आणि प्लंबिंगचे सल्लागार बाहेरचे. मानांकनातला कुठलाही गुण यांपैकी एकाच टेबलावर पुरा होत नाही. स्थानिक साहित्याचा गुण घ्या. आयजीबीसीच्या पद्धतीत ४०० किलोमीटरच्या आत तयार झालेले साहित्य स्थानिक धरतात. भिंतीला हलके एएसी ब्लॉक किंवा राखेच्या विटा वापरायच्या हे आर्किटेक्ट ठरवतो. पण तो माल कुठल्या कारखान्यात बनला याचा पुरावा असतो ट्रकबरोबर आलेल्या चलनावर. डिलिव्हरी चलनावर बहुधा विक्रेत्याच्या दुकानाचा पत्ता असतो, कारखान्याचा नसतो. रात्री साडेदहाला ट्रक आला की स्टोअरकीपर नग मोजतो, चलनावर सही करतो आणि ते खिळ्याला अडकवतो. कारखान्याच्या गावाचे नाव लिहून घ्यायचे आहे हे त्याला माहीत नसेल, तर सहा महिन्यांनी सल्लागार जुनी चलने उपसत बसतो आणि पुरवठादाराला पत्रासाठी फोन करत राहतो. तोपर्यंत विटांची भिंत गिलाव्याखाली गेलेली असते. साहित्य खरोखर स्थानिक असूनही गुण हातचा जातो.

पालघर जिल्ह्यापुरते बोलायचे तर राखेच्या विटांना जवळचा स्रोत आहे. डहाणूचे औष्णिक वीज केंद्र ५०० मेगावॅटचे असून १९९० च्या दशकाच्या मध्यापासून चालू आहे, आणि कोळशाची उडती राख सिमेंट-विटांसाठी वापरली जाते. वसई, वाडा, भिवंडी भागातल्या मातीच्या वीटभट्ट्या मात्र शेताची वरची सुपीक माती खातात, आणि त्यांवर राबणारी कातकरी-वारली कुटुंबे दर हंगामाला गाव सोडून येतात. मानांकनाच्या तक्त्यात मातीऐवजी राख वापरल्याचे गुण आहेत, मजुरांच्या या स्थलांतरासाठी रकाना नाही. पद्धतीची ही मर्यादा अभ्यासाला बसलेल्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलेली बरी.

एकत्र अभ्यासाचा दुसरा फायदा भाषेचा. लीड आणि आयजीबीसीची मार्गदर्शक पुस्तके इंग्रजीत आहेत, तीही कलमे आणि पोटकलमे असलेल्या कायदेशीर वळणाच्या इंग्रजीत. डिप्लोमा झालेल्या साइट इंजिनिअरला काम पक्के येते, पण ही वाक्ये अंगावर येतात. चारजण टेबलाभोवती बसले की एक कलम वाचतो, दुसरा त्याचा अर्थ मराठी-हिंदीत सांगतो आणि तिसरा विचारतो, ‘हे आपल्या साइटवर कुठे आहे?’ या तिसऱ्या प्रश्नामुळे परीक्षेची तयारी आणि साइटचे काम एकत्र येतात. दर आठवड्याला एक सदर घ्यायचे, शनिवारी चालू प्रकल्पाचा नकाशा काढून ते त्यावर लावून पाहायचे आणि सराव प्रश्नपत्रिका शेवटच्या टप्प्याला ठेवायच्या, असा क्रम बहुतेक गटांना सोयीचा पडतो. सुरुवातीपासून नुसते प्रश्नसंच सोडवणारा गट उत्तीर्ण होतो खरा, पण महिन्याभरात सगळे विसरतो.

वसई-विरारमध्ये सगळ्यांत जास्त वेळ द्यावा असे सदर पाण्याचे. महापालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली, आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. सूर्या, उसगाव आणि पेल्हार हे पाणीपुरवठ्याचे मुख्य स्रोत. एमएमआरडीएच्या सूर्या प्रादेशिक योजनेत रोजचे ४०३ दशलक्ष लिटर पाणी आखले आहे. त्यातले १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारच्या वाट्याचे, २१८ मीरा-भाईंदरच्या. हे पाणी येण्याआधी वसाहती टँकरवर चालत. विरार-बोळिंजच्या म्हाडा वसाहतीत हजारो घरे बरीच वर्षे विक्रीविना पडून होती, त्यामागे पाण्याची टंचाई हे एक ठळक कारण होते.

अशा शहरात पर्जन्यजल संकलनाचा गुण कसा मिळवायचा हे नीट मोजून पाहण्यासारखे आहे. समजा ४० घरांची इमारत, घरटी पाच माणसे, म्हणजे २०० रहिवासी. छत ५०० चौरस मीटर. पाऊस हिशेबासाठी दोन मीटर आणि गळती-बाष्पीभवन जाऊन ८० टक्के पाणी हाती लागते असे धरले तर वर्षाला ८०० घनमीटर, म्हणजे आठ लाख लिटर मिळतात. राष्ट्रीय मानकानुसार माणशी रोजचा वापर १३५ लिटर. त्या दराने २०० माणसांना रोज २७,००० लिटर लागतात. वर्षभराचा पाऊस महिन्याभरात संपला! हे गणित करून बरेच जण निराश होतात, कारण प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. १३५ पैकी ४५ लिटर फ्लशसाठी धरलेले असतात. तेवढ्यापुरते पाहिले तर रोज ९,००० लिटर, आणि पावसाळ्याच्या १२० दिवसांत सुमारे १०.८ लाख लिटर. छतावरचे आठ लाख लिटर त्याच्या तीन-चतुर्थांशाला येऊन भिडतात. काही वाहून जाईल, म्हणून निम्मे धरले तरी पावसाळ्यात नळाच्या पाण्यावरचा ताण बराच हलका होतो.

आता टाकी किती मोठी बांधायची? ५०,००० लिटरची टाकी या छताखाली १२५ मिलिमीटर पावसात भरते. जुलैतल्या मुसळधार पावसात वसईत एका दिवसात एवढा पाऊस पडतो. मग पुढचे पाणी कुठे सोडायचे? इथे आर्किटेक्टने नकाशात ओव्हरफ्लो दाखवायला हवा, आरसीसी सल्लागाराने भरलेल्या टाकीतल्या पाण्याचे ५० टन वजन धरायला हवे, प्लंबरने फ्लशची वेगळी पाइप टाकायला हवी आणि साइट इंजिनिअरने ती पाइप पिण्याच्या पाण्याच्या पाइपला चुकूनही जोडली जाणार नाही हे पाहायला हवे. एका गुणासाठी चार माणसे, आणि चौघांचेही काम बरोबर हवे.

जमिनीत पाणी मुरवण्याचे शोषखड्डे हा दुसरा मार्ग. पुस्तकात तो सगळीकडे सारखाच दिलेला असतो, वसईत तसा तो चालत नाही. पश्चिमेच्या किनारपट्टीत पावसाळ्यात भूजल जमिनीच्या अगदी वर आलेले असते, आणि भिजून तुडुंब झालेल्या जमिनीत खड्डा पाणी घेत नाही. शिवाय किनाऱ्याजवळ गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल तर खालचे खारे पाणी साधारण ४० मीटर खोल दाबलेले राहते, आणि ती अर्ध्या मीटरने खाली गेली की खारे पाणी २० मीटर वर सरकते. विहिरी खारट होण्याचे कारण हेच. म्हणून इथे मुरवणुकीइतकेच महत्त्व उपसा रोखण्याला आहे. वसईच्या वाडीवाल्यांना हे कोणत्याही मानांकनाआधीपासून ठाऊक होते. त्यांनी खणलेली बावखले पावसाचे पाणी धरून केळी, पानवेली आणि फुलझाडांना पुरवत आणि आसपासच्या विहिरी गोड ठेवत. त्यांतली अनेक पुढे बुजवली गेली आणि त्यांवर बांधकामे झाली. प्रकल्पाच्या जागेत असे एखादे बावखल शिल्लक असेल तर ते साफ करून राखणे हा नव्या शोषखड्ड्यापेक्षा कितीतरी चांगला उपाय. मानांकनात नैसर्गिक जलसाठे राखण्याचे गुण आहेतच.

नळांच्या बाबतीतही साइटची समज कामी येते. कमी पाणी देणाऱ्या नळ-शॉवरचे प्रवाह तक्त्यात तीन बार दाबाला मोजलेले असतात. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर दहा मीटर उंचीमागे जेमतेम एक बार दाब मिळतो. म्हणजे वरच्या दोन मजल्यांवर दाब एक बारच्याही खाली. तिथे मुळातच बारीक धार येते, त्यात पाणी वाचवणारे तोंड बसवले की रहिवासी ते महिन्याभरात काढून फेकतात. खालच्या मजल्यांवर ते लावावे, वरच्या मजल्यांना दाब वाढवणारा छोटा पंप द्यावा किंवा कमी दाबासाठी बनवलेले नग निवडावेत, हे प्लंबिंगच्या माणसाला सुचते, परीक्षेच्या पुस्तकाला नाही.

उष्णतेचे सदर त्या मानाने सरळ आहे. वसई उष्ण-दमट हवामान विभागात मोडते. निवासी इमारतींसाठी ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये काढलेल्या इको निवास संहितेत या विभागातल्या घरांना उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा, ठेवायला सांगितले आहे. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता सरासरी दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत ठेवायची. सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो, हे ड्राफ्ट्समनच्या ध्यानात नसेल तर कागदावर सहावा हिस्सा भरतो, खोलीत बारावाच राहतो. पश्चिमेच्या भिंतीवर सज्जा आणि गच्चीवर पांढरा परावर्तक थर, एवढ्यावर या सदराचे बरेचसे काम निघते.

बिल्डरला मानांकनाकडे वळवणारी गोष्ट बहुधा चटईक्षेत्राची असते. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या महाराष्ट्राच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत मानांकनाच्या पायरीनुसार मूळ चटईक्षेत्रावर ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र मिळते: सिल्व्हर किंवा ‘गृह’चे तीन तारे असतील तर ३, गोल्डला ५, प्लॅटिनमला ७. मूळ बांधकाम २,२०० चौरस मीटर असेल तर सात टक्क्यांनी १५४ चौरस मीटर जादा मिळतात. म्हणजे तीन-चार वन बीएचके. मात्र हे क्षेत्र पूर्वमानांकनावर, म्हणजे केवळ नकाशा आणि हमीवर, आधीच मिळते. इमारत पूर्ण झाल्यावर कबूल केलेली पायरी गाठली नाही तर दंड बसतो. त्यामुळे लायझनिंगच्या माणसाने अर्जात कोणती पायरी लिहिली आहे हे साइटवरच्या सुपरवायझरला माहीत असणे ही पैशाची बाब होते. मालक लोक गटाच्या परीक्षा-शुल्काला तयार होतात ते बहुतेकदा हे गणित समोर ठेवल्यावर.

वसई-विरारच्या संदर्भात आणखी एक गोष्ट मानांकनाच्याही आधी येते, ती म्हणजे जागा कायदेशीर असणे. सरकारने १९९० मध्ये या भागासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. इथल्या बांधकामांच्या लोंढ्याला विरोध त्याआधीच, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, सुरू झाला होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीने हिरवा पट्टा, विहिरी आणि टँकरने होणारा पाण्याचा उपसा हे प्रश्न लावून धरले. बांधकामे थांबली नाहीत. अनधिकृत इमारतींचे प्रमाण पुढे इतके वाढले की उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नालासोपारा पूर्वेतल्या ४१ इमारती २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडाव्या लागल्या. विकास आराखड्यात ती जमीन सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखीव होती. तिथल्या एखाद्या इमारतीने छतावर सौरपत्रे लावली असती आणि दुहेरी फ्लश बसवले असते, तरी शहराच्या सांडपाण्याची जागाच तिने व्यापलेली होती. आयजीबीसीच्या पद्धतीत कायद्याचे पालन ही पूर्वअट आहे. ती गुणांत मोजत नाहीत, पण ती नसेल तर पुढचे काहीच मोजत नाहीत. परीक्षेच्या पुस्तकात या अटीला दोन ओळी मिळतात. इथल्या गटाने तिच्यावर एक अख्खा शनिवार घालवावा, सोबत विकास आराखड्याची प्रत, सागरी नियमन क्षेत्राची (सीआरझेड) रेषा आणि मिठागरे-पाणथळींचा नकाशा घेऊन. जुलै २०१८ च्या पुरात मिठागर भागात शेकडो माणसे अडकली होती. जागेची निवड चुकली की काय होते, याचा धडा त्यात पुरेसा आहे.

घरांखेरीज वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे भागात लहान कारखान्यांचे गाळेही आहेत. तिथे नवे बांधकाम कमी आणि जुन्या शेडची दुरुस्ती जास्त. कारखान्यांसाठी आयजीबीसीची वेगळी पद्धत आहे, पण एका गाळ्याला ती परवडत नाही. पाच-दहा गाळेवाल्यांनी मिळून एका ऊर्जा लेखापरीक्षकाला बोलावणे, पत्र्यावर थोडे पारदर्शक पत्रे टाकून दिवसा दिवे बंद ठेवणे, हवेच्या कॉम्प्रेसरची गळती शोधणे, यातून मानांकनाशिवायही विजेचे बिल उतरते.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र कायमचे राहत नाही. लीडच्या ग्रीन असोसिएटला दर दोन वर्षांनी १५ तास आणि एपीला ३० तास पुढील शिक्षण दाखवावे लागते, नाहीतर प्रमाणपत्र रद्द होते. लीडची पाचवी आवृत्ती २०२५ मध्ये आली, तेव्हा जुन्या आवृत्तीवर उत्तीर्ण झालेल्यांनाही पुन्हा वाचन करावे लागले. कार्यालयात एकटाच प्रमाणित माणूस असेल आणि तो नोकरी सोडून गेला तर मानांकनाची अर्धवट फाइल त्याच्याबरोबर पोरकी होते. चारजण असतील तर तिचा पाठपुरावा चालू राहतो.

इमारत ताब्यात दिल्यावर हे सारे गृहनिर्माण संस्थेच्या हाती जाते. नव्या इमारतीचे मानांकन बव्हंशी नकाशे आणि गणितावर मिळते. प्रत्यक्ष वीज-पाणी किती लागते हे नंतरची बिलेच सांगतात. म्हणून ऊर्जा दक्षता ब्युरोची कार्यालयीन इमारतींसाठीची तारांकन योजना दर चौरस मीटरमागे वर्षभरात प्रत्यक्ष जळलेल्या युनिटवर चालते. आयजीबीसी आणि लीड या दोन्हींत चालू इमारतींसाठी वेगळी पद्धत आहे, आणि तिचे मानांकन ठरावीक मुदतीने नव्याने घ्यावे लागते. त्या वेळी पंपचालक, सांडपाणी प्रकल्प चालवणारा आणि ओला कचरा वेगळा करणारी बाई यांच्या नोंदवह्याच मुख्य पुरावा ठरतात. पाण्याच्या मीटरचे आकडे रोज एकाच वेळी लिहायचे, टँकर आला तर त्याचे लिटर त्याच वहीत टाकायचे आणि पावसाच्या टाकीचा पंप किती तास चालला ते नोंदवायचे. एवढे शिकवण्यासाठी कार्यालयातल्या प्रमाणित माणसांपैकी कुणीतरी संस्थेच्या पहिल्या काही बैठकांना हजर राहते, आणि नोंदवहीचा मराठी नमुना ताबापत्राबरोबरच सचिवांच्या हाती देते.